पक्के प्रवासी

दारावरची कडी दोनदा वाजली आणि घरातली दुपार मोडली.

खरं तर बेल होती. चेहरा ओळखून आपोआप उघडणारं कुलूपही होतं. पण हेमांगीच्या आईला त्यातलं काहीच पटत नसे. "मी आले हे दारानं कशाला सांगायचं? मी सांगेन की," म्हणत तिनं माहेरची जुनी पितळी कडी जावयाच्या मागे लागून त्या गुळगुळीत दाराला ठोकून घेतली होती. एरवी या वेळेला हेमांगी ऑफिसात असायची. आज जुईला कणकण होती म्हणून ती घरी बसून उद्याच्या सादरीकरणाची जुळवाजुळव करत होती. बाहेर सगळी कॉलनी काचा लावून, पडदे ओढून पडलेली. अशा उन्हात चिमणीसुद्धा आवाज करत नव्हती.

"आजी!" जुई अंथरुणातून टुणकन उठून बसली. पाच वर्षांचं पोर, तापातही आवाज खणखणीत. "कशानं आलीस?"

हा दोघींचा रोजचा खेळ होता.

"कशानं म्हणजे? हत्तीवरून. तो काय, खाली बांधलाय. केळी खाऊ राहिला."

"आणि खरं?"

"खरं होय? खरं बसनं आले. नऊ नंबरनं. खिडकीची जागा मिळाली."

आई स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. तांब्याभर पाणी उभ्यानंच गटगट प्यायलं गेलं, मग आणखी एक, मग तिसरा.

"आई, बसमधला एसी बंद होता का? केवढी लाल झालीस."

"चालू होता गं. उतरल्यावर चार पावलं ऊन लागतंच ना. तू तुझं बघ."

दाराशी काढलेल्या चपलांच्या तळांना डांबराचे काळे गोळे चिकटले होते. हेमांगीनं ते पाहिलं. फरशीला डाग पडतील, एवढंच तिच्या मनात आलं.

आई नदीपलीकडच्या बेलदारपाड्यात राहायची. अण्णांची, म्हणजे हेमांगीच्या वडिलांची, डावी बाजू लुळी पडल्यापासून त्यांना घास भरवावा लागे. अकराला त्यांना जेवू घालून, मानेखाली उशी ठीक करून ती निघायची आणि जुईची बालवाडी सुटायच्या आत इथे पोचायची. हेमांगीचा नवरा राजस्थानात सौरपट्ट्यांच्या मैदानावर नोकरीला, दीड-दोन महिन्यांनी येणारा. आई होती म्हणून हेमांगीची नोकरी होती. हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघींनीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

हेमांगीचं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड होतं. घराबाहेर पडताना कशानं जायचं हे माणूस कसा ठरवतो, त्याचं गणित ती मांडत असे.

प्रत्येकाच्या मनात एक तराजू असतो असं समजा. एका पारड्यात बस: तिकीट, थांब्यावरची वाट, गर्दी. दुसऱ्यात गाडी: खर्च, पार्किंग, डोक्यावरचं ऊन. तिसऱ्यात चालणं: फुकट, पण पाय आपले. वजनं मात्र ज्याची त्याची वेगळी. दहा मिनिटं वाचवायला कुणी शंभर रुपये टाकतो, कुणी पाच रुपये वाचवायला तासभर उभा राहतो. माणसाला विचारून ही वजनं कळत नाहीत. तो खोटं बोलतो असं नाही, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून विचारायचं नाही, बघायचं. त्यानं काय केलं त्यावरून वजनं काढायची. इतकं करून जे उरतं, म्हणजे सकाळचं भांडण, अचानक आलेलं आभाळ, उगाच वाटलेलं काहीतरी, ते सगळं 'अज्ञात' नावाच्या एका पदात टाकून द्यायचं आणि पुढे जायचं.

पूर्वी हे गणित गटांचं असे: नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी. मग फोन आले, प्रवासाची कार्डं आली, खांबाखांबावर तापमान मोजणारे डोळे आले, आणि शहरातल्या एकेका माणसाचा तराजू वेगळा मांडता येऊ लागला. हेमांगीच्या चमूनं ते करून दाखवलं. त्याला सगळे निवडयंत्र म्हणत. माणसांची नावं आणि नंबर यंत्रापर्यंत पोचण्याआधीच पुसले जात. उरायची फक्त एक रेघ: परिस्थिती बदलली की हा माणूस किती बदलतो, ते दाखवणारी.

शहरात गारबस मोजक्याच. त्या धावाव्यात कुठे? तर जिथे बस आली की लोकांचं मन बदलतं, तिथे. अशांना ते 'झुलते' म्हणत. मोटार घरी ठेवून बसमध्ये चढणारे ते हेच. आणि दुसरे होते 'पक्के'. बस द्या, काढून घ्या, त्यांची फेरी चुकत नाही. पक्के हे नाव हेमांगीनंच ठेवलं होतं. पक्क्यांना बस देऊन आकड्यात काहीच भर पडत नव्हती. ते तसेही येणारच होते. दर सोमवारी यंत्र आपण होऊन बसची मांडणी बदलायचं. कुठली बस कुठून उठली, हे आता कुणी माणूस बघत नव्हता.

यात कुणी दुष्ट नव्हतं. एक बस चाळीस मोटारी घरी बसवत असेल तर शहर तेवढं कमी तापणार होतं. पारा सत्तेचाळिसाला टेकलेल्या गावात हे गणित वाईट कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशीचं सादरीकरण रंगलं. परगावाहून पाहुणे आले होते. हेमांगीनं पडद्यावर एक रेघ आणली. तळहातासारखी सपाट.

"हा एक पक्का प्रवासी. नाव-गाव आपल्याला माहीत नाही. बस होती तेव्हा बसनं यायचा. बस काढली, चालत येतो. भाडं बदलून बघा, ऊन वाढवून बघा, ही रेघ हलत नाही. आता तर घरून तासभर आधी निघतो, पण पोचतो त्याच वेळेला. म्हणजे या प्रवाशाच्या वेळेची किंमत आमच्या हिशेबानं शून्य येते."

"असे प्रवासी मिळाले तर आपलं काम किती सोपं होईल हो!" बोंडे सर म्हणाले. ते तिचे वरिष्ठ. सगळे हसले.

"मग हा मधला खड्डा कसला?" मागून एका पाहुण्यानं विचारलं. "इथे चार दिवस फेरीच नाही."

"असेल काही, आपण बघू," म्हणत हेमांगीनं तारखा मोठ्या केल्या. चंपाषष्ठीच्या आसपासचे दिवस होते. त्या दिवसांत ती आणि जुई सासरी गेल्या होत्या, कुलधर्माला.

तिनं त्याच प्रवाशाची नकाशावरची वाट मोठी केली. नदीपलीकडून निघालेली रेघ पुलावर चढत होती, बंद पडलेल्या जकात नाक्यापाशी थोडी थांबत होती, जिथे एकुलता एक कडुनिंब होता, आणि मग सरळ तिच्या स्वतःच्या कॉलनीच्या फाटकात शिरत होती.

"मॅडम?" बोंडे सरांनी हाक मारली. "पुढची स्लाइड?"

पुढची स्लाइड तिनं दाखवली. त्यात काय होतं ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

"बस कधीपासून बंद आहे?" संध्याकाळी घरी आल्या आल्या हेमांगीनं विचारलं.

आई जुईच्या केसांचा गुंता सोडवत होती. फणी क्षणभर थांबली. "कोणी सांगितलं तुला?"

"यंत्रानं."

"घ्या. चहाडखोर निघालं की तुझं यंत्र." आईनं पुन्हा फणी घातली. "झाले असतील तीन-चार महिने."

"आणि तू मला रोज सांगतेस खिडकीची जागा मिळाली!"

"मग काय सांगू? गल्लीतल्या सगळ्या बायांना मीच सांगत फिरले ना, की ह्या गार बसा माझ्या लेकीनं आणल्या म्हणून. आता तुझीच बस येत नाही हे तुलाच कसं सांगू? लेकीच्या भाजीत मीठ कमी पडलं तर आई पाहुण्यांसमोर बोलते का?"

"सकाळी मी स्कूटरवर आणते तुला."

"आणि अकराला अण्णांना कोण भरवेल? तुझी स्कूटर?"

"मग उद्यापासून गाडी पाठवते. बिनड्रायव्हरची. दारापर्यंत येते. नाही म्हणायचं नाही."

आई नाही म्हणाली नाही. दोन दिवस गाडीनं आलीसुद्धा. जुईला म्हणाली, "आज तर मी भुतानं चालवलेल्या रथातून आले!" तिसऱ्या दिवशी गाडी रिकामी परत गेल्याचा निरोप ऑफिसात फोनवर आला. हेमांगी घाईनं घरी पोचली, आणि पाठोपाठ आई आली. घामानं निथळत, पदरानं तोंड पुसत.

"आई!"

"अगं ऐक तर. पुलावर शेवंता आणि सकीनाबी चालत जाताना दिसल्या. म्हटलं बसा गं, जागा रिकामीच आहे. तर ती गाडी म्हणते कशी, 'एकाच प्रवाशाची नोंद आहे. कृपया दार सोडा.' मी म्हटलं माय, ह्या माझ्या शेजारणी. ती पुन्हा तेच. रस्त्यात तमाशा. शेवंता म्हणाली, 'जा तू इंदू, तू साहेबिणीची आई.'" आई हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच राहिलं. "मग मी उतरले. म्हटलं, जा बाई, तूच जा थंडगार. शेजारणींच्या अंगावर धूळ उडवत मी जाऊ होय? उद्या त्यांना तोंड दाखवायचंय मला."

हेमांगीनं किती समजावलं, किती रागावली. त्या गाडीत आई पुन्हा बसली नाही.

तेव्हा हेमांगी बोंडे सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं, खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं.

"मॅडम, मला समजतंय. पण हातानं एक बस घालायची म्हणजे उद्या दाराशी पुढाऱ्यांची रांग लागेल. कुणाच्या मेव्हण्याच्या कॉलेजला बस, कुणाच्या लॉन्सला बस. म्हणून तर आपण तो दरवाजा कायमचा बंद केला. आग्रह कुणाचा होता, आठवतंय ना?"

आठवत होतं. आग्रह तिचाच होता.

"प्रवासी हलला तर बस हलेल," सर खाली बघत म्हणाले. "दुसरी वाट नाही."

हे वाक्य घेऊन ती रविवारी बेलदारपाड्यात गेली. आईच्या ओट्यावर बाया जमल्या. आत खाटेवरून अण्णा कान देऊन ऐकत होते. हेमांगीनं जमेल तितकं सोपं करून सांगितलं: तुम्ही उन्हातान्हात चालत जाता म्हणून यंत्राला वाटतं तुमचं चाललंय. फक्त आठ दिवस कुणी जाऊ नका. तुमचा आकडा खाली आला की बस आपोआप येईल.



"म्हणजे आम्ही गेलो म्हणून बस गेली?" शेवंताकाकूंनी विचारलं. त्या चार घरची धुणीभांडी करायच्या.

"तसंच."

"आणि आठ दिवसांनी माझ्या कामावरच्या बाईला काय सांगू? ताई, आकडा हलवायला घरी बसले होते, तोवर तुम्ही भांडी घासलीत ना?"

हशा पिकला. सकीनाबी दवाखान्यात आया होती. ती म्हणाली, "पेशंटला सांगते मी, आठ दिवस दाबून धर बाबा, माझी बस यायची आहे."

"तसं नाही सकीनामावशी..."

"कळलं गं बेटा, सगळं कळलं." तिनं हेमांगीच्या हातावर हात ठेवला. "तुझ्या यंत्राला वाटतं आम्ही चालणं पसंत केलं. पसंत करायला समोर दोन वस्तू लागतात ना?"

हेमांगीच्या सगळ्या शिक्षणातला पहिला धडा तोच होता: समोर पर्याय असतील तरच निवड. तो धडा कधी मागे पडला, कुणाला कळलंच नव्हतं.

बाया उठून गेल्यावर आई म्हणाली, "त्यांना नाही जमायचं. माझं एकटीचं जमेल. मी नाही येत आठ दिवस. एकीनं काही हलतं का तुझं यंत्र?"

"थोडं हलेल." मनात मात्र हेमांगीला यंत्र नकोच होतं. आई आठ दिवस सावलीत राहील, तेवढंच तिला हवं होतं. पुढचं पुढे बघू.

जुईला तिनं ऑफिसजवळच्या पाळणाघरात घातलं. पहिले दोन दिवस रडारड झाली. तिसऱ्या दिवशी जुई रडली नाही, नुसती खिडकीशी बसून राहिली. चौथ्या दिवशी तिनं पाळणाघरातल्या ताईंकडून आजीला फोन लावून घेतला. फोनवर ती काय बोलली, ते त्या ताईंनी नंतर डोळ्यांना पदर लावत सांगितलं.

"आजी, तू का येत नाहीस? मी काही केलं का?"

पलीकडून आजी काय म्हणाली ते ताईंना ऐकू आलं नव्हतं. जुई म्हणाली, "येते म्हणाली."

आईनं त्या दिवशी अण्णांना लवकर जेवू घातलं. गुळाच्या दशम्या केल्या, जुईला आवडायच्या तशा जाडसर, तुपाचा हात फिरवून. दशम्यांच्या नादात उशीर झाला होता आणि पाळणाघर घरापेक्षा लांब होतं. भर बाराला ती पुलावर होती, असं रेघ सांगत होती.

सकीनाबी पाळी संपवून उलट्या दिशेनं येत होती. "नाक्यावरच्या लिंबाखाली बसलेली दिसली," ती मागून सांगत राही, प्रत्येक येणाऱ्याला, तेच शब्द, त्याच क्रमानं. "पाठ खोडाला लावून. डबा मांडीवर. मी म्हटलं, इंदू, चल घरी. वाटलं डुलकी लागली. हात लावला तर..." आणि पुढे ती हाताची मूठ मिटून घ्यायची.

डबा अजून गरम होता. उन्हानं की तव्यानं, कोण सांगणार?

त्या दिवशी गल्लीत चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही बाया कामावर गेल्या नाहीत. तिसऱ्याला राख सावडायला पुरुष गेले तेव्हा अण्णांपाशी कुणीतरी हवं होतं. त्यांना कोण भरवणार, कोण कूस बदलणार, दारावर येणाऱ्याला पाणी कोण देणार, हे कुणी ठरवलं नाही. ज्या त्या बाईनं आपापला दिवस उचलला. शेवंताकाकूंच्या कामावरच्या बायांनी फोन केले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या गल्लीत गमी झालीय. नाही येत." आठ दिवस घरी बसा म्हटल्यावर ज्या हसल्या होत्या, त्या इंदूबाईसाठी आठाहून अधिक दिवस बसल्या.

आणि यंत्र हललं.

ज्याची रेघ रोज थोडी वरखाली होते, तो एखाद्या दिवशी आला नाही तर यंत्र मनावर घेत नाही. पण ज्या रेघा कधीच हलल्या नव्हत्या, त्या सगळ्या एकाच आठवड्यात तुटल्या, हा त्याच्या लेखी भूकंप होता. काल पक्के होते ते आज झुलते ठरले. हेमांगीनं ऑफिसात जाऊन ती एक रेघ उघडली. सपाट, सपाट, मग चार दिवसांचा खड्डा, पुन्हा सपाट, मग तिनं सांगितलेले ते तीन रिकामे दिवस, आणि शेवटी एक लहानसा तुकडा, पुलावरून नाक्यापर्यंत. त्यापुढे यंत्राची टीप: 'फेरी अपूर्ण. प्रवाशानं निवड बदलली.'

"नाही," ती पडद्याला म्हणाली. "बदलली नाही. शेवटपर्यंत नाही बदलली."

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं वर पाहिलं, मग नजर वळवली.

सोमवारी नऊ नंबरची बस सुरू झाली.

दहाव्याला हेमांगी जुईला घेऊन माहेरी निघाली. नवरा आदल्या रात्रीच बेलदारपाड्यात अण्णांपाशी मुक्कामाला गेला होता. स्कूटर होती. तरी ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस वेळेवर आली, निळी, धुतलेली, दार उघडताच गारव्याचा झोत सोडणारी. आत फारसं कुणी नव्हतं. मागच्या बाकावर शेवंताकाकू होत्या. भल्या पहाटे कामाच्या दोन घरचं उरकून त्या दहाव्यासाठी परत निघाल्या होत्या. त्यांनी हेमांगीकडे पाहिलं. सीटच्या कापडावरून त्यांचा हात मागेपुढे फिरत होता, मेलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरावा तसा.

"पोरीला खिडकीशी बसव," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "इंदूची जागा ती."

हेमांगीनं जुईला खिडकीशी बसवलं. काच इतकी गार होती की जुईनं गाल लावून पाहिला. दहा दिवसांत तिला खूप जणांनी खूप काही सांगितलं होतं. ती सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि खेळायला निघून जायची. हेमांगीला वाटायचं, हिला अजून कळलेलं नाही. मग वाटायचं, हिलाच कळलंय.

पूल आला. जकात नाका आला. कडुनिंब आला आणि मागे गेला. त्याच्या बुंध्याशी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. बस तिथे थांबली नाही. तिथे थांबा नव्हता.

"आई."

"काय गं?"

"आजी देवाघरी गेली ना?"

"हो, पिल्ला."

जुईनं काचेवरच्या आपल्या गालाच्या ठशाकडे पाहिलं. तो हळूहळू विरत होता.

"कशानं गेली?"

पुढे चालकाच्या रिकाम्या जागेवर निळा दिवा लुकलुकत होता. मागे शेवंताकाकूंचा हात थांबला होता. हेमांगीनं जुईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि आवाजात जितकं हसू आणता येईल तितकं आणून म्हणाली, "हत्तीवरून."

जुईनं मान डोलावली. हे तिला अपेक्षितच होतं. ती वाट बघत राहिली, आईच्या तोंडाकडे टक लावून. पुढचं काही येत नाही असं दिसल्यावर तिनं आपणहून आठवण करून दिली.

"आणि खरं?"